‘आज रोजा नाही वाटतं?’

निळीशाई (धागाकर्ती)

रमजान जवळ आला की मला दोन प्रश्न ऐकू यायला लागतात. पहिला मुसलमान नसलेल्या मित्रमैत्रिणींचा: "पाणीसुद्धा नाही?" त्याचं उत्तर द्यायला मला आवडतं. दुसरा आपल्याच माणसांचा, जरा डोळे बारीक करून विचारलेला: "आज रोजा नाही वाटतं?" धागा या दुसऱ्या प्रश्नासाठी काढला आहे. पण रोजा म्हणजे नेमकं काय हे माहीत नसेल, तर तो प्रश्न का खुपतो हे कळायचं नाही. तेव्हा आधी थोडी उजळणी.

पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत खाणं, पिणं आणि शरीरसंबंध वर्ज्य. पाणी, चहा, सिगारेट, सगळं बंद. सूर्योदयापासून रोजा सुरू होतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. सूर्य उगवायच्या तास-दीड तास आधी, फज्रची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ लागली की सहरी (रोज्याआधीचं खाणं) संपते. सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली की रोजा सोडायचा, आणि तोही विनाकारण लांबवायचा नाही. सहरी शक्य तितकी उशिरा करावी आणि इफ्तार वेळ होताच, अशीच शिकवण आहे. जास्त वेळ उपाशी राहून जास्त पुण्य मिळतं असा हिशेब यात नाही. रात्री न सोडता सलग दोन-तीन दिवस रोजा ओढायला प्रेषितांनी (स.) अनुयायांना मनाई केली होती.

हे रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ च्या सुमारास, मदीनेत फर्ज (बंधनकारक) झाले. कुरआनात याविषयीचा मजकूर एकाच जागी सलग सापडतो, सूरह अल-बकरा, आयत १८३ ते १८७. पुन्हा एकदा वाचून बघा. १८३ मध्ये आज्ञा आहे: तुमच्या आधीच्यांवर होते तसे तुमच्यावरही रोजे लागू केले आहेत, तुमच्यात तकवा (अल्लाहची जाणीव ठेवून वागणं) यावा म्हणून. लगेच १८४ मध्ये आजारी आणि प्रवासी यांना सूट, त्यांनी नंतर इतर दिवशी ती संख्या भरावी. ज्यांना रोजा अतिशय जड जातो त्यांच्यासाठी फिदिया, म्हणजे एका गरिबाचं जेवण. १८५ मध्ये हाच तो महिना ज्यात कुरआन उतरलं असं सांगून झाल्यावर आजारी आणि प्रवासी पुन्हा आले आहेत, आणि अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, हे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे पाच आयतींत सवलत दोनदा. ती कुठे तळटीपेत टाकलेली नाही, आज्ञेला लागूनच बसली आहे.

आता मुद्द्यावर येते. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने रोजा धरायचाच नसतो. धरला तर तो होतच नाही. ते दिवस नंतर भरून काढायचे, त्याला कझा म्हणतात. त्या दिवसांच्या नमाजा मात्र भरून काढाव्या लागत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही त्या दिवसांत भरल्या घरात पाणी प्यायचं तर स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून, भांडी घासतोय असं वाटावं म्हणून नळ सुरू ठेवून प्यायचं. मी प्यायले आहे. झोपमोड करून सहरीलाही बसले आहे, का उठली नाहीस असं कोणी विचारू नये एवढ्यासाठी. ज्या गोष्टीला अल्लाहने सूट दिली, ती माणसांपासून लपवायची!

एक हदीस-ए-कुदसी, म्हणजे प्रेषितांनी अल्लाहच्या शब्दांत सांगितलेलं वचन, सगळ्यांना पाठ असते: माणसाचं प्रत्येक कर्म त्याचं स्वतःचं, पण रोजा माझ्यासाठी आणि त्याचा मोबदला मीच देणार. असं का, यावर विद्वानांनी बरंच लिहिलं आहे. मला त्यातलं एक कारण पटतं. नमाज दिसते. जकात घेणाऱ्याला कळते. हजला गेलेला तर गावाला सांगून जातो. रोजा मात्र कोणालाही दिसत नाही. न्हाणीघरात दोन घोट पाणी प्यायलं तर कोणाला पत्ता लागणार आहे? जी इबादत मुळातच न दिसणारी, तिची हजेरी घ्यायला शेजारीपाजारी कुठून आले?

तुमचे अनुभव लिहा. वादही चालेल, फक्त धागा भरकटू देऊ नका.

खडूसकाका

ताई, लेख आवडला. मी नास्तिक आहे आणि सगळ्याच धर्मांच्या उपासांवर माझा सारखाच राग आहे, तेव्हा भेदभावाचा आरोप नको. दोन शंका. पाण्याशिवाय चौदा-पंधरा तास काढणं हा शरीरावर अत्याचार नाही का? आणि दिवसभर उपाशी राहून रात्री ताटं भरभरून खायचं, यात संयम कसला? जेवणाची वेळ बदलली, एवढंच.

निळीशाई

काका, पहिल्या शंकेला इथले डॉक्टर उत्तर देतील. दुसरी शंका आमच्याच विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी काढून ठेवली आहे, तुम्हाला उशीर झाला. :) अल-गजालींनी 'इह्या' या ग्रंथामध्ये रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली फक्त पोटाची, दुसरी डोळे-कान-जिभेसकट सगळ्या अवयवांची, तिसरी मनाची. इफ्तारला पोट फुटेस्तोवर खाणाऱ्यांना त्यांनी तिथेच झापलं आहे. दिवसभराची भरपाई रात्री एका बैठकीत केली, तर रोज्यातून साधलं काय, असा त्यांचा सवाल आहे. आणि बुखारी या हदीससंग्रहातली हदीस (प्रेषितांचं वचन) तर याहून कडक: जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही.

तेव्हा ताटं भरभरून खाणारे आहेत, हे कबूल. ते रोज्याचं वर्णन मात्र नव्हे.

गोळ्याऔषधे

डॉक्टर म्हणून लिहितो. मधुमेहाचे रुग्ण बघतो, त्यामुळे रमजान हा आमच्याकडे वेगळ्या धावपळीचा महिना.

काका, धडधाकट प्रौढ माणसाला हा उपास झेपतो. सुरुवातीच्या दिवसांत डोकं दुखतं, त्यामागे बहुतेक वेळा चहा-कॉफी बंद झाल्याचं कारण असतं, आणि झोपेचे तुकडे झालेले असतात. यकृतातली साखर आधी वापरली जाते, ती ओसरली की शरीर चरबीकडे वळतं. अंगात पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लघवी घट्ट करून पाणी राखतात. उन्हात राबणाऱ्याची गोष्ट निराळी, गरोदर बाईची निराळी, मूत्रपिंडाच्या रुग्णाची निराळी. सरसकट "अत्याचार" म्हणणं चूक आणि सरसकट "आरोग्यदायी" म्हणणंही चूक. दुसऱ्या प्रकारचे फॉरवर्ड मला रोज येतात.

खरी काळजी मधुमेह्यांची. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२ हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात रमजानमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण टाइप १ मध्ये सुमारे ४.७ पट आणि टाइप २ मध्ये सुमारे ७.५ पट वाढलेलं दिसलं. तरीही टाइप २ च्या जवळजवळ ७९ टक्के रुग्णांनी निदान पंधरा दिवस तरी रोजे धरले होते. म्हणजे सूट आहे हे ठाऊक असूनही लोक ती घेत नाहीत.

आता नुसतं "धरा" किंवा "धरू नका" असं सांगत नाहीत. वय, इन्सुलिन, आधी साखर किती वेळा घसरली, मूत्रपिंडाची स्थिती, कामाचं स्वरूप, असे गुण मांडून धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरवतात. त्यासाठी रुग्णाने रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी यायला हवं. येतात आदल्या दिवशी. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा स्वतःच्या मनाने फिरवू नका, एवढी हात जोडून विनंती.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, इन्सुलिन टोचल्यानेही मोडत नाही, असं बहुतेक उलमा (धर्मपंडित) सांगतात. आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथल्या तिथे मोडायचा, इफ्तारला किती वेळ आहे ते बघायचं नाही. माझ्यासमोर एक आजोबा आणले होते, अंग घामाने थबथबलेलं, जीभ जड, हात थरथरतायत. मुलगा सांगत होता, "वीसच मिनिटं राहिली होती हो, म्हणून थांबले." त्या वीस मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

सरळरेघ

धागाकर्तीच्या भावना समजतात, पण एक वेगळी बाजू मांडतो. सवलतींची एवढी जाहिरात केली की लोक सवलतीच शोधत बसतात. मी बघतो ना, धट्टीकट्टी पोरं दुपारी बाहेर चरताना दिसतात आणि विचारलं की "पित्त झालंय". एकमेकांना चांगल्याची आठवण करून देणं हेही आपलं कर्तव्य आहे. आपलेपणाने विचारलेल्या प्रश्नाला लगेच पाळत का म्हणायचं? रोजा ही वैयक्तिक बाब आहे हे मान्य, पण महिना सगळ्या समाजाचा आहे. एकत्र उठणं, एकत्र सोडणं, तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजाला) खांद्याला खांदा लावून उभं राहणं, यानेच माणसाला तो निभावता येतो. एकट्याला जमलं असतं का?

पानगळ

सरळरेघ, तुमचा शेवटचा मुद्दा पटतो. महिना एकत्र असतो म्हणूनच सोपा जातो. पण विचारण्याबद्दल प्रेषितांच्या सोबत्यांचीच वागणूक बघा. हजरत अनस सांगतात, आम्ही प्रेषितांबरोबर प्रवास करत असू, रोजा असलेला नसलेल्याला नावं ठेवत नसे आणि नसलेला असलेल्याला. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही हदीससंग्रहांत आहे.

त्यांचीच दुसरी एक हदीस आहे, ती मला फार आवडते. प्रवासात कडक उन्हाचा दिवस होता. सावली नव्हती, ज्याच्याकडे चादर होती तो सगळ्यांत सुखी, बाकीचे हात डोक्यावर धरून ऊन अडवत होते. मुक्कामाला पोचल्यावर रोजेदार गळून पडले. ज्यांचा रोजा नव्हता ते उठले, तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजलं. प्रेषित म्हणाले, आज सारं पुण्य रोजा नसलेले घेऊन गेले.

आणखी एका प्रवासात एका माणसाभोवती गर्दी जमलेली, लोक त्याच्यावर सावली धरून उभे. काय झालं विचारलं, तर म्हणे रोजा आहे. त्यावर प्रेषितांनी सांगितलं, प्रवासात रोजा धरणं ही काही नेकी नव्हे.

माझ्या लहानपणी हे कोणी सांगितलं नाही. सांगितल्या त्या मोडल्याच्या शिक्षा.

पैलतीर

पानगळ यांना एक जोड. आम्ही जाफरी, म्हणजे शिया. आमच्या फिकहमध्ये (धर्मनियमांत) प्रवासात रोजा धरायचाच नसतो. ती निव्वळ सवलत नाही, बंधनच आहे. धरला तर तो मानला जात नाही, नंतर कझा करावाच लागतो. सुन्नी मित्राबरोबर प्रवास असला की तो रोजेदार आणि मी डबा उघडून बसलेलो. इफ्तारही आमचा थोडा नंतर, पूर्वेकडची लाली डोक्यावरून ओसरल्यावर. एकाच दस्तरखानावर बसून काही मिनिटं वाट बघायची. आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही.

दुसरीपाळी

मी भट्टीवर काम करतो. डॉक्टर म्हणाले त्या "राबणाऱ्यांपैकी". सरळरेघ भाऊ, मला विचारतात ना "रोजा आहे का", ते विचारणारे बहुतेक वातानुकूलित खोलीत बसणारे असतात. राग नाही, खरं तेच सांगतोय.

माझ्यासारख्यांसाठी उलमांनी मार्ग सांगितला आहे. काम कष्टाचं आहे म्हणून आधीच सोडून द्यायचं नाही. रात्री नियत (रोज्याचा संकल्प) करायची, सहरी करायची, सुरुवात करायची. दिवसात जिवावर बेतेल असं वाटलं तर पाणी पिऊन मोडायचा आणि तो दिवस नंतर भरायचा. काम रात्रपाळीत हलवता आलं किंवा रजा मिळाली तर ते आधी बघायचं. मी बहुतेक पूर्ण करतो. काही वेळा भट्टीसमोर डोळ्यांपुढे अंधारी आली की बाटली उचलली आहे. नंतर थंडीच्या दिवसांत, दिवस लहान असताना ते रोजे भरतो. त्याला कोणीच हरकत घेत नाही, कारण तेव्हा विचारायला कोणी येत नाही. :)

खडूसकाका

दुसरीपाळी, तुम्हाला सलाम. तुमच्यासारख्यांसाठी सरकारनेच नियम का करू नये? ट्युनिशियाचे अध्यक्ष हबीब बुर्गीबा यांनी १९६० मध्ये उघड सांगितलं होतं की देश उभारणं हाही जिहाद आहे, कामगारांनी उत्पादन घटवून रोजे धरू नयेत. मला तर तो शहाणपणा वाटतो.

निळीशाई

काका, तो प्रयोग फसला. धर्मपंडितांनी ते मान्य केलं नाही आणि लोकांनीही ऐकलं नाही. माझ्या मते फसायलाच हवा होता. दुसरीपाळी यांची अंधारी त्यांना कळते, अध्यक्षांना नाही. सवलत ज्याची त्याने ठरवायची असते, हवं तर डॉक्टरला विचारून.

हे उलट बाजूनेही तितकंच खरं आहे. मोरोक्कोच्या दंडसंहितेत, इस्लामचा अनुयायी म्हणून ओळखल्या जाणाऱ्याने रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय रोजा मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता हे कारण पोलिसाला कसं दाखवायचं? पाळी आलेल्या मुलीने काय पुरावा द्यायचा? एक सरकार म्हणतं धरू नका, दुसरं म्हणतं धराच. दोघांनाही बघायचंय ते दिसतच नाही.

सरळरेघ

कायद्याचं समर्थन मी करत नाही. पण पानगळ, तुमच्या हदीसमधले लोक प्रवासी होते, म्हणजे सवलत उघड होती. घरी बसलेल्या तरण्याबांड पोराचं काय? त्याच्या आईने विचारायचं नाही?

पानगळ

आईने विचारावं, आई आहे ती. शेजारच्या काकूंनी कशाला? आणि पोर चुकतच असेल तर चारचौघांत विचारून ते सुधारणार नाही, पित्ताची सबब तेवढी शिकेल. ती तुम्हीच वर लिहिली आहे.

मुलांना गोडी लावायची पद्धत बघायची असेल तर रुबय्यि बिन्त मुअव्विज यांनी सांगितलेलं वाचा. आशूराच्या (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या) रोज्याला त्या बायका लहानग्यांनाही रोजा धरायला लावत, लोकरीची खेळणी करून ठेवत, आणि एखादं भुकेने रडायला लागलं की इफ्तारपर्यंत ते खेळणं त्याच्या हातात देत. वयात येईपर्यंत रोजा फर्ज नसतोच. तोवर असंच गंमतीने.

चांदणचकवा

मला धर्मातलं फारसं कळत नाही, पण आकाशाचा नाद आहे आणि रमजानइतका मजेदार विषय आकाशवेड्याला दुसरा नाही. थोडं अवांतर चालवून घ्या.

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. हिंदू पंचांगात अधिक मास घालून चांद्र महिने ऋतूंशी जुळवून घेतात, इथे तसं काही नाही. म्हणून रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. एका आयुष्यात माणसाला कडाक्याच्या थंडीतलाही रमजान मिळतो आणि ऐन उन्हाळ्यातलाही. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांत लांब दिवसांची पाळीही त्यामुळे आलटून-पालटून येते. इंग्रजी २०३० या एकाच सालात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर.

महिना २९ चा की ३० चा ते चंद्रावर. चंद्रकोर बघून सुरू करा, बघून संपवा, ढग असतील तर ३० पूर्ण करा, असा मूळ नियम. तुर्कस्तान आधीच गणिताने तारखा जाहीर करतो, अनेक देश प्रत्यक्ष दर्शनावर थांबतात. म्हणून ईद कधीकधी शेजारच्या देशांत वेगवेगळ्या दिवशी होते.

आता उंचीची गंमत. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्यांवरून सूर्य जास्त वेळ दिसतो. म्हणून २०११ मध्ये तिथल्या मुफ्तींनी सांगितलं, ८० ते १५० मजल्यांवरच्यांनी इफ्तारसाठी २ मिनिटं जास्त थांबावं आणि त्याच्या वरच्यांनी ३ मिनिटं. इमारत एकच, रोजा सोडायच्या वेळा तीन.

नॉर्वेतल्या ट्रोम्सोला तर उन्हाळ्यात साधारण दोन महिने सूर्य मावळतच नाही. मग सोडायचा कधी? काही जण मक्केची वेळ धरतात, काही जिथे दिवस-रात्र नीट होतात अशा जवळच्या ठिकाणची.

आणि अवकाशात? स्थानक दिवसाला सुमारे १६ फेऱ्या मारतं, म्हणजे १६ सूर्यास्त! मलेशियाचे शेख मुसझफर शुकोर २००७ च्या ऑक्टोबरात, रमजान चालू असतानाच वर गेले. तेव्हा मलेशियाने खास मार्गदर्शिका काढली होती: उड्डाण जिथून झालं तिथली वेळ धरावी, नाही जमलं तर परतल्यावर रोजे भरावेत. २०२३ मध्ये यूएईचे सुलतान अल-नेयादी रमजानमध्ये वर होते. त्यांनी उड्डाणाआधीच सांगितलं, मी प्रवासी आहे, मला रोजा बंधनकारक नाही.

पानगळ

चांदणचकवा, झकास! मावळतच नाही त्या सूर्याचा आधार हदीसमध्ये आहे. दज्जालच्या (कयामतीआधी येणाऱ्या खोट्या मसीहाच्या) काळी एक दिवस वर्षाएवढा असेल असं प्रेषितांनी सांगितल्यावर सोबत्यांनी लगेच विचारलं, त्या दिवशी एका दिवसाच्या नमाजा पुरतील का? उत्तर मिळालं, नाही, अंदाज बांधून वेळा ठरवा. ट्रोम्सोवाले तोच अंदाज बांधतायत.

पहाट ओळखण्याचाही एक किस्सा आहे. पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या, असं १८७ व्या आयतीत आहे. अदी बिन हातिम यांनी खरोखरच दोन धागे उशीखाली ठेवले आणि रात्रभर उठून उठून बघत बसले. सकाळी प्रेषितांना सांगितल्यावर कळलं की तो रात्रीचा अंधार आणि पहाटेचा उजेड.

अर्धविराम

मी मुसलमान नाही. टीममध्ये तीन जण रोजे धरतात. बावळट वाटतील असे प्रश्न: चुकून खाल्लं तर? दात घासले तर? मुद्दाम मोडला तर? आणि त्यांच्यासमोर मी डबा खावा की नाही?

निळीशाई

एकही प्रश्न बावळट नाही. विसरून खाल्लं-प्यायलं तर बहुतेक मतांनुसार रोजा तसाच चालू. अल्लाहनेच त्याला खाऊ-पिऊ घातलं, असं हदीसमध्ये आहे. आठवलं की तोंडातला घास टाकायचा आणि पुढे चालू. (मालिकी या सुन्नी पंथात तो दिवस भरून काढायला सांगतात.) दात घासता येतात, मिसवाक (दातण) तर सुन्नतच, म्हणजे प्रेषितांची रीत. टूथपेस्ट घशात जाऊ नये म्हणून बरेच जण ती टाळतात.

मुद्दाम मोडण्यावर मतभेद आहेत. सुन्नींच्या चार पंथांपैकी हनफी आणि मालिकी मतात जाणूनबुजून खाल्लं तरी कफ्फारा लागतो, शाफई आणि हंबली मतात तो फक्त शरीरसंबंधाने मोडल्यास. कफ्फारा म्हणजे लागोपाठ ६० रोजे, ते झेपत नसेल तर ६० गरिबांना जेवण. (गुलाम मुक्त करणं हा सर्वांत पहिला पर्याय होता.)

यावरची हदीस सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक माणूस घाबराघुबरा प्रेषितांकडे आला. माझं वाटोळं झालं, म्हणाला. रोज्यात बायकोजवळ गेलो. गुलाम मुक्त करू शकतोस? नाही. सलग दोन महिने रोजे? नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तो तसाच बसून राहिला. तेवढ्यात कोणीतरी खजुरांची टोपली आणून दिली. प्रेषितांनी ती त्याला दिली, घे, दान कर. तर तो म्हणतो, माझ्याहून गरिबाला? मदीनेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या घराहून गरीब घर नाही. प्रेषित एवढे हसले की त्यांचे सुळे दिसले. म्हणाले, जा, घरच्यांनाच खाऊ घाल.

डब्याचं: खुशाल खा. समोरच खा. रोजेदाराला अन्न दिसलं म्हणून रोजाला काही होत नाही. काळजीच घ्यायची असेल तर सूर्यास्ताच्या वेळी बैठक ठेवू नकोस, आणि दुपारी चारनंतर कोणी थोडं मंद वाटलं तर समजून घे. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगच्या लेस्टर-क्रिस्टल पॅलेस सामन्यात गोल किक घ्यायच्या आधी खेळ क्षणभर थांबवला होता, रोजा असलेल्या खेळाडूला घोटभर पाणी पिता यावं म्हणून. त्याहून जास्त कोणाला नको असतं.

आणि हो, तिघांपैकी एखादी एखाद्या दिवशी जेवताना दिसली, तर काय करायचं ते या धाग्याच्या शीर्षकात आहे.

खडूसकाका

टोपलीचा किस्सा माहीत नव्हता. माझा राग तूर्त निम्म्यावर. खेळाडूंवरून आठवलं, बास्केटबॉलवाला हकीम ओलाजुवान १९९५ च्या फेब्रुवारीत रोजे धरून खेळला आणि त्या महिन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे माझी पहिली शंकाही जरा अडचणीतच आहे.

गोळ्याऔषधे

काका, ओलाजुवान सगळ्यांना लागू करू नका. माझे रुग्ण आधीच फार प्रेरित होऊन येतात.

दुसरीपाळी

एक विचारायचं होतं. कझा रोजे सलग भरावे लागतात का? माझे गेल्या वेळचे थोडे बाकी आहेत आणि पाळी सारखी बदलते.

पानगळ

नाही, सुटे सुटे भरले तरी चालतात, बहुसंख्य उलमांचं हेच मत आहे. पुढचा रमजान येण्याआधी पूर्ण करावेत. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशाही आपले राहिलेले रोजे रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात भरत, त्यांना त्याआधी जमत नसे, असं त्यांनीच सांगितलं आहे. फक्त दोन्ही ईदच्या दिवशी धरू नका, त्या दिवशी रोजा मना आहे. आणि कझाची नियत रात्रीच करून ठेवा. रमजानच्या चालू रोज्याला हनफींमध्ये सकाळी उशिरापर्यंत मुभा असते, कझाला ती नाही.

दुसरीपाळी

बरं झालं सांगितलंत. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे, तेव्हाच उरकतो.